एक वाजताचा पडदा

वडशात भैयाजी पेंटरचं नाव काढलं की माणसं आधी त्याच्या पडद्यांबद्दल बोलत आणि मग त्याच्या जेवणाबद्दल.

दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात, गावोगाव नाटकं चालतात. त्या नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात, आणि त्यातल्या निम्म्या कंपन्यांचे पडदे भैयाजीच्या हातचे. राजवाडा, बाग, जंगल, झोपडी. राजवाडा झकास यायचा, कारण तो त्यानं कधी पाहिला नव्हता. झोपडी मात्र जमायची नाही, कारण तिथं तो राहायचा. ब्रश हातात आला की त्याला खाण्यापिण्याची शुद्ध राहत नसे. बायको भागीरथा दुपारी ताट वाढून ठेवायची, मग ताटावरची माशी हाकलायची, मग मांजर हाकलायची, आणि शेवटी नवऱ्याला हाका मारायची. एकदा त्यानं "हाव, जेवून राह्यलो" असं म्हणत वरणाच्या वाटीत ब्रश बुडवला. त्या सीझनला एका राजवाड्याच्या आभाळाला फोडणीचा वास यायचा, आणि राजकन्या भर प्रवेशात शिंकायची.

"निकेश, तू तरी सांग ना रे बापू तुया बापाले," भागीरथा पोराला म्हणायची. "मी बोंबलून बोंबलून थकली."

निकेशनं घराच्या ओसरीतच कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. नाटकाची पोस्टरं, लग्नाच्या पत्रिका, सरकारी खात्यांची पत्रकं, सगळं तो टाइप करायचा आणि फ्लॉपीवर भरून द्यायचा. तेव्हा पेन ड्राइव्ह वडशापर्यंत पोचला नव्हता. आईच्या रोजच्या कटकटीवर त्यानं एक तोड काढली. बापाच्या एका जुन्या, मोर काढलेल्या पडद्याचा फोटो कॉम्प्युटरात घातला आणि असा एक प्रोग्राम बसवला, की बरोबर एक वाजता स्क्रीनवर तो पडदा वरून सरसर खाली यायचा. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: बाबा, जेवून घ्या. अर्धा तास तो हलायचा नाही. माऊस आपटा, कीबोर्ड बडवा, काही उपयोग नाही. निकेशचं गिऱ्हाईक ओरडायचं, "अबे, मायी पत्रिका!" त्या ओरड्यानं भैयाजीला ब्रश ठेवून आत जेवायला जावंच लागायचं; लोकांची लग्नं तेवढा अर्धा तास अडायची.

पण भैयाजी काही घरीच बसून काम करणारा नव्हता. आज या कंपनीच्या शेडमध्ये, उद्या त्या कंपनीच्या. म्हणून निकेशनं प्रोग्रामला शिकवलं, की जी फ्लॉपी दुकानातून जाईल तिच्यावर तूही गुपचूप बस, आणि जिथं जाशील तिथं बिऱ्हाड कर. बाबा कुठंही असू दे, तिथं पडदा पडला पाहिजे.

पोरगं बापाचा विचार करण्यात इतकं गुंतलं, की फ्लॉप्या बापाशिवाय आणखी कुणाकडे जातात हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पडदा आधी नाटक कंपन्यांत गेला. मग लसीकरणाच्या पत्रकाबरोबर गडचिरोलीला, सोसायटीच्या अहवालाबरोबर चंद्रपूरला, तिथून वरोरा, चिमूर, गडचांदूर. एका मोठ्या साहेबांच्या भाषणात, पिकांचे आकडे दाखवता दाखवता, एक वाजला आणि भिंतीवर मोर उतरला. साहेबांनी चष्मा पुसला, वाचलं, आणि हे वरून आलेलं असणार असं समजून जेवणाची सुट्टी जाहीर केली. एका बँकेत तर त्या दिवसापासून खिडकी एकच्या ठोक्याला बंद व्हायला लागली. कुणी बोललं की कॅशियर स्क्रीनकडे बोट दाखवायचा: "मी काय करू जी? मशीनच म्हणते."

"कोणाले सांगू नका बाबा," निकेश घाबरून म्हणाला. "हे असं पसरवणं गुन्हा असते म्हणते. मी दिवाळीच्या आत काढून टाकतो सगळीकडून."

पोळ्याच्या नंतर त्याला ताप आला. मलेरिया डोक्यात गेला. दिवाळी आली तेव्हा तो नव्हता.

पडद्यावरच्या त्या मोराबद्दल सांगायचं राहिलं. निकेश अडीच-तीन वर्षांचा असताना भैयाजी अंगणात पडदा पसरून मोर काढत होता. पिसारा ओला होता, आणि हे दिगंबर कार्टं दुडुदुडु आलं आणि नेमकं पिसाऱ्यावर बूड टेकून बसलं. भागीरथानं त्याला उचललं, तर खाली एक गोल ठसा आणि वर पोराचं बूड निळं. भैयाजी इतका हसला की त्यानं तो ठसा पुसलाच नाही. त्यालाच सोनेरी कड काढून पिसाचा डोळा केला. सगळ्या पिसाऱ्यात तो एकच डोळा भलता मोठा. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, आणि त्यांना माहीत नसायचं आपण कशाला टाळ्या वाजवतोय. पुढं ती कंपनी बुडाली. पडदा एका पाटलानं धानावर ताडपत्री म्हणून नेला, आणि दोन पावसाळ्यांत मोर धुऊन गेला. राहिला तो निकेशच्या कॉम्प्युटरातला.

तोही तेरवीच्या दिवशी गेला. भागीरथाचा भाऊ इस्तारी हा शुद्धीच्या कामात फार पक्का माणूस. त्यानं घर सारवलं, भांडी घासली, मेलेल्याची चादर-उशी नदीवर सोडून आला, आणि तांब्यातलं गोमूत्र कोपऱ्याकोपऱ्यांत शिंपडलं. शेवटी ओसरीतल्या कॉम्प्युटरपाशी येऊन थांबला.

"यालेबी पोट्ट्याचा हात लागला होता ना?" तो म्हणाला. आणि कुठं अशुद्ध राहायला नको म्हणून पाठीमागच्या जाळीतून आतपर्यंत चांगलं दोन ओंजळी सोडलं. मशीन चालू होतं. फट्ट झालं, निळा धूर निघाला.

"पाह्यलं?" इस्तारी हात जोडून म्हणाला. "किती अडकून होतं आतमंधी! निघालं."

 भैयाजीला तेव्हा एवढंच कळलं, की आता दुकानाचं गिऱ्हाईक ओरडणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो बँकेत गेला होता. रांगेत उभा होता, आणि एक वाजला. कॅशियरच्या मागच्या स्क्रीनवर पडदा सरसर खाली आला. मोर. पिसाऱ्यातला तो मोठा डोळा. बाबा, जेवून घ्या.

रांगेतल्या लोकांनी शिव्या दिल्या. भैयाजी मात्र खिडकीच्या गजांना धरून उभा राहिला. पडदा उठेपर्यंत तो हलला नाही. मग घरी जाऊन हात धुतले आणि कुणी हाक न मारता जेवला. भागीरथा बघतच राहिली.

"बँकेत आहे तो," भैयाजी म्हणाला.

तिनं विचारलं नाही कोण. फक्त ताटात आणखी भात वाढला.

मग रोजच सुरू झालं. एक वाजायच्या आधी भैयाजी कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या खिडकीशी उभा. लोकांना वाटे, म्हातारा एखादं प्रकरण मंजूर करून घ्यायला चकरा मारतो. अशी माणसं त्या ऑफिसांना नवी नव्हती, त्यामुळे कुणी हटकलं नाही.

गावातल्या सुरेंद्र नावाच्या तरुणानं वडशाच्या बसस्टँडजवळ एसटीडी बूथचं सायबर कॅफे केलं होतं. म्हणजे त्याच बूथमध्ये एक कॉम्प्युटर जास्त. हिवाळ्यात त्यानं नागपूरच्या कुठल्याशा कंपनीची एजन्सी आणली. सॉफ्टवेअरचं नाव 'जागल'. शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून माणूस मचाणावर जागलीला बसतो, तसं हे कॉम्प्युटरात बसायचं. ज्या ज्या ऑफिसात ते घातलेलं, तिथून संध्याकाळी फोनच्या तारेतून खबर यायची, आणि सुरेंद्रच्या स्क्रीनवर गडचिरोली-चंद्रपूर जिल्ह्यांचा नकाशा उघडायचा. वर लिहिलेलं: सध्या जिवंत असलेले धोके.

"या भाऊ, या," सुरेंद्रनं एकदा भैयाजीला हात धरून आत बसवलं. त्याला सेल्सची इतकी सवय झाली होती, की समोर पेंटर आहे का पानवाला, हे तो बघत नसे. "हे पाहा. दुनियेतले मोठमोठे धोके. पण आपल्या जिल्ह्यात एक नंबर कोण? हा. कंपनीनं नाव देलं, 'बाबा-लंच'. धोक्याची पातळी मध्यम, कामकाजास हानिकारक. वरून तर मले विचारणा आली, की हा बाबा कोण, याचे साथीदार किती!"

नकाशावर लाल ठिपके होते. कुरखेडा, आरमोरी, मूल, सिंदेवाही, खाली थेट सिरोंच्यापर्यंत. गोवर उठल्यासारखे.

"हे लाल म्हणजे काय, सुरेंद्र?"

"जिथी जिथी लाल, तिथी तो अजून जित्ता आहे, भाऊ."

भैयाजीनं तो शब्द दोनदा मनात म्हटला. सांगून टाकावं असं त्याला वाटलं.  पण पोराचं काम धोक्यांच्या यादीत, साथीदारांची चौकशी चालू. मेलेल्या पोराला वरून गुन्हेगार म्हटलं तर?

"अन् तू याचं काय करतो?"

"मारतो!" सुरेंद्र खुशीत म्हणाला. "गावोगाव जाऊन एकेक मारतो. उन्हाळ्यापर्यंत पूर्ण जिल्हा साफ करून देइन."

त्या दिवसापासून भैयाजी संध्याकाळी सायबर कॅफेत येऊन बसायला लागला. सुरेंद्रला वाटलं, म्हाताऱ्याला टेक्नॉलॉजीची गोडी लागली, आणि त्यानं आल्या-गेल्याला तसं सांगितलंही. भैयाजी नकाशा बघायचा. काल आरमोरी होती, आज नाही. मूल गेलं. सिंदेवाही गेली. ठिपका गेला की तिथं हिरवं व्हायचं आणि मशीन टुणकन वाजायचं, लग्नात आहेर जाहीर केल्यासारखं. भैयाजी उठून घरी जायचा आणि भागीरथाला म्हणायचा, "मूलचा गेला." ती चुलीतलं लाकूड मागं ओढायची आणि पुन्हा पुढं सारायची.

एकदा त्यानं धीर केला. एका ऑफिसात सुरेंद्र पोचायच्या आधीच तो पोचला आणि बाबूला म्हणाला, "तुमच्या मशीनीत एक वाजता जो पडदा पडते जी, तो माया हातचा आहे. त्याले मारू देऊ नका."

बाबूनं पान थुंकलं. "तुमचा आहे?"

"हाव."

"मंग घेऊन जा."

"कसा नेऊ? तो मशीनीत आहे."

"नेता येत नाई, तर तुमचा कसा? मशीन सरकारची, मशीनीतलं सरकारचं. पण सरकारच्या रजिस्टरला पडदा नोंद नाई. म्हणजे तुमचा नाई, आमचाबी नाई. बेवारस आहे. बेवारसची विल्हेवाट लावा लागते, भाऊ." मग त्याला थोडी दया आली असावी. "जेवले का तुमी?" त्यानं विचारलं.

भैयाजी तिथून निघाला तो सरळ चालतच घरी आला, बसमध्ये बसायचं विसरून.

होळी झाली. कंपन्यांचे पडदे गुंडाळून माळ्यावर गेले. आणि एका संध्याकाळी नकाशावर एकच लाल ठिपका उरला. अगदी खाली, प्राणहितेच्या काठावर. सिरोंचा.

"मासेमारी सोसायटीचं ऑफिस आहे," सुरेंद्र म्हणाला. "उद्या निघतो. एवढं झालं की कंपनी मले नागपूरले सत्कारले बोलावणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये सुरेंद्र चढला, तर खिडकीशी भैयाजी बसलेला. मांडीवर भागीरथानं बांधून दिलेला डबा.

"भाऊ, तुमी कुठी?"

"तू जाऊन राह्यला तिथीच."

आलापल्लीला मुक्काम झाला. पुढं सिरोंच्याच्या रस्त्यावर, सागाच्या जंगलात, बसचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, पण तीही पंक्चर होती, आणि ड्रायव्हरच्या मते ती जास्त पंक्चर होती. लोक खाली उतरून सावलीत बसले. डबा उघडला. भाकर, झुणका, कांदा. सुरेंद्र न विचारता हात घालून जेवायला लागला आणि सत्काराला कोणता शर्ट घालावा ते सांगायला लागला.

भैयाजीनं घास हातातच ठेवला. "सुरेंद्र, तो पडदा निकेशनं केला होता."

सुरेंद्र चावायचा थांबला.

भैयाजीनं सगळं सांगितलं. वरणात बुडवलेला ब्रश, फ्लॉप्या, मोराच्या पिसाऱ्यातलं ते बूड, इस्तारीचं गोमूत्र. बुडाचं ऐकून सुरेंद्रला हसू आलं, आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं, कुठं न्यावं त्याला कळेना. निकेश आणि तो एका बाकावर शिकले होते.

"मले काऊन नाई सांगतलं, भाऊ?" तो शेवटी म्हणाला. "फ्लॉपीवर उतरवून देलं असतं ना मी! दोन मिनटाचं काम."

"उतरवता येते?"

"हाव ना!"

"मले वाटलं," भैयाजी म्हणाला, "जित्तं आहे म्हणजे उतरवता येत नसन."

चाकाला कसंबसं ठिगळ लागलं आणि बस चालू झाली. उरलेला सगळा रस्ता सुरेंद्र बोलला नाही, आणि वडशातल्या कुणालाही हे पुढं खरं वाटलं नाही.

सिरोंच्याला सोसायटीचं ऑफिस म्हणजे एक खोली. कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग, भिंतीवर माशांच्या जातींचा तक्ता, टेबलावर प्लॅस्टिकच्या कव्हरातला कॉम्प्युटर. सचिव मीराबाई म्हणून ठेंगणी, मोठ्या कुंकवाची बाई होती. मराठी बोलताना तिचं प्रत्येक वाक्य तेलुगूसारखं शेवटी वर चढायचं. नुकतेच बारा वाजले होते. वीज होती. सगळं कसं वेळेत जमलं होतं.

"मारत नाई मी त्याले," सुरेंद्र खुर्चीत बसत म्हणाला. "फक्त शोधतो. कुठी लपला ते पाहतो, फ्लॉपीवर घेतो, तुमच्या हातात देतो. मंग एक वाजता तुमी इथीच पाहा मस्त." त्यानं कोरी फ्लॉपी भैयाजीच्या हातात दिली. भैयाजीनं ती दोन्ही हातांनी धरली.

निकेशनं प्रोग्राम चांगलाच लपवला होता. सुरेंद्रला सापडेना. म्हणून त्यानं 'जागल'ची सीडी घातली. गेल्याच आठवड्यात आलेली, नवीन. त्यात आधी दोन बटणं असायची, 'शोधा' आणि 'शोधा व मारा'. गिऱ्हाइकं चुकून नुसतं 'शोधा' दाबतात आणि नंतर भांडायला येतात, म्हणून कंपनीनं नव्या सीडीत ते बटण काढून टाकलं होतं. राहिलेल्या एकुलत्या बटणावर आता नुसतं लिहिलं होतं: 'सुरू करा'.

सुरेंद्रनं सुरू केलं.

मशीन जरा घरघरलं. मग टुणकन वाजलं. स्क्रीनवर दोन हिरवे झेंडे हलायला लागले आणि मधे अक्षरं आली: अभिनंदन! आपला विभाग आता बाबामुक्त आहे.

सुरेंद्र कीबोर्डवर काय काय बडवत सुटला. सीडी काढली, परत घातली, मशीन बंद केलं, चालू केलं. "येइन भाऊ, येइन वापस, थांबा," असं म्हणत राहिला. त्याचं नाक वाहायला लागलं होतं आणि ते तो बाहीनं पुसत होता. भैयाजी समोरच्या स्टुलावर बसला होता, कोरी फ्लॉपी हातात.

"राहू दे," तो म्हणाला. "एक वाजू दे."

एक वाजला. स्क्रीनवर काही आलं नाही. हिरवे झेंडे तेवढे हलत होते.

बाहेरून दोन-तीन कोळी आत आले, ओले पाय दारात आपटून. त्यातला एक म्हातारा घड्याळाकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, जेवून घ्या!" आणि सगळे हसले. मीराबाईनं ड्रॉवर बंद केलं. "आमच्या इथी असंच म्हणतात आता," ती पाहुण्यांना म्हणाली. "त्या मशीनीनं शिकवलं. आधी आमी तीन-चारले जेवत होतो. चला बाबा, उठा."

शब्द तेच होते. मोर नव्हता. भैयाजीनं डबा उघडला, तर तो रिकामाच होता. रस्त्यातच संपला होता. मीराबाईनं आपल्या डब्यातला भात आणि चिंचेच्या आंबट रश्शातला मासा त्याच्यापुढं ठेवला. तो जेवला. सुरेंद्र न जेवता बाहेर जाऊन नदीकडे तोंड करून बसला.

भैयाजी घरी पोचला तेव्हा भागीरथा अंगणात शेण टाकत होती. तिनं हात धुतले, पाणी आणून दिलं आणि त्याच्या समोर बसली.

"भेटला?"

"भेटला," भैयाजी म्हणाला. आजवर त्यानं इतके राजवाडे रंगवले होते; एवढं तर येणारच होतं. "पडदा पडला. मोर होता. जेवून घ्या म्हणे."

"अन्?"

"अन् म्हणे, आईलेबी सांगा जेवाले."

भागीरथानं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"असं नाई म्हणला तो," ती म्हणाली. "तो कधीच असं म्हणत नव्हता. मी जेवली का नाई, हे त्याले सुचतच नव्हतं. तुमाले तरी कुठी सुचते?" मग तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोट्टं चांगलं होतं मायं. पण ते म्हणला नाई."

भैयाजी खिशातून फ्लॉपी काढून देवळीत ठेवत होता. त्याचा हात तिथंच थांबला. त्यानं आत वाकून पाहिलं. चुलीपाशी ताट पालथं घातलेलं होतं, कोरडं. दुपार टळून गेली होती.

तो आत गेला. भाताचं पातेलं कुठं असतं, हे त्याला शोधावं लागलं. वरण वाढताना अर्धं बाहेर सांडलं.

"ठेवा, मी घेइन," ती उठत म्हणाली.

"बस," भैयाजी म्हणाला. त्यानं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि ताटावर माशी बसू नये म्हणून हात हलवत बसला. ती जेवेपर्यंत तो तिथून उठला नाही.